लटारूच्या नावाची माशी

लटारू मारबते हा माणूस जन्मभर माश्यांचा वैरी, आणि त्याचं नाव सातासमुद्रापार गेलं ते एका माशीमुळंच. ऐकायला हे मोठं गमतीचं वाटतं. त्याच्या गावातही पुष्कळ जण हसले. पण ज्यांनी सगळी हकीकत त्याच्या तोंडून ऐकली ते दुसऱ्यांदा हसले नाहीत.

गाव वैनगंगेच्या काठचं, मार्कंड्याच्या देवळांच्या वरच्या अंगाला. वस्ती ढिवरांची. ढिवर म्हटलं की शहरातल्या लोकांना जाळं आणि मासे एवढंच सुचतं. त्यांना काय सांगणार? तिकडचे कितीतरी ढिवर पावसाळ्यात जाळी खुंटीला टांगतात आणि रानात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. दोन महिने झाडाखालीच राहायचं, अंघोळ केल्याशिवाय झाडाला शिवायचं नाही, पायात वहाण घालायची नाही, आणि दिवसभर कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या हाकायच्या. एवढं करून सगळ्यात मोठा शत्रू राहतोच. एक करडी माशी येते, हळूच अळीच्या अंगावर अंडं घालते आणि जाते. अळी बिचारी खात राहते, वाढत राहते, कोश विणायलाही घेते, आणि आतून पोखरून मरते.

लटारूचे हात मोठे निगुतीचे होते. अळीच्या अंगावरचं तिळाएवढं अंडं तो नखानं असं काढायचा की अळीला कळायचंही नाही. दुसरं त्याचं काम बियाणाच्या माळा बांधण्याचं. पुढच्या पिकासाठी निवडलेले कोश देठांना देठ बांधून माळेत ओवायचे आणि पाखरं निघेपर्यंत घरात आढ्याला टांगायचे. या माळेत खाडा चालत नाही. एखादा कोश किडका निघाला, उंदरानं नेला, तर त्याच जागी तिथल्या तिथं दुसरा बांधायचा, मग तो कुठल्याही झाडाचा का असेना. रिकामी जागा राहिली तर अख्खी माळ रिकामी जाते, अशी समजूत. लटारू ही गोष्ट आईच्या हाताकडं पाहत पाहत शिकला होता, आणि अशा शिकलेल्या गोष्टीचा माणूस पुन्हा विचार करत नाही.

बावन्न साली माशीनं पीक धुऊन नेलं. त्याच पावसाळ्यात गुणवंतराव वासेकर नावाचे एक मास्तर चांद्याहून सायकल हाणत रानात आले. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. हातात जाळी, गळ्यात भिंग, डोक्यावर टोपी. चांद्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, आणि उरलेला सगळा वेळ माश्या धरायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. तिथं त्यांना पोरंसोरं माशीमास्तर म्हणायची आणि मोठी माणसं पाठीमागं हसायची. त्यांनी लटारूला विचारलं की या पानावरच्या दोन माश्यांत मादी कोणती. लटारू म्हणाला, जी ऊन पाहून बसली तो नर आणि जी अळी पाहून बसली ती मादी. गुरुजींनी दोन्ही धरल्या, भिंगाखाली उलट्यापालट्या करून पाहिल्या आणि तिथंच चिखलात मांडी घालून बसले. चार दिवस ते लटारूच्या झाडाखाली राहिले. जाताना लटारूला सोबत घेऊन गेले.

लटारूची बायको भागीरथा सुरुवातीला फार चिडली. माशीनं आधीच पीक नेलं, आता नवराही नेला, असं ती सगळ्यांना सांगत फिरे. पण येनाच्या हंगामाला लटारू परत येई, दिवाळीनंतर पुन्हा चांद्याला जाई, आणि हळूहळू तिलाही सवय झाली. पुढं पुढं तर लटारू पावसाळाही चांद्यातच काढू लागला.

जटपुरा दरवाजाजवळ गुरुजींचं दोन खोल्यांचं घर होतं. मागच्या खोलीची जमीन शेणानं सारवलेली, भिंतीला लागून लाकडी पेट्या, प्रत्येक पेटीत टाचणीवर टोचलेल्या माश्यांच्या ओळी. लटारूचं काम माश्या टोचायचं आणि मोडलेल्या माश्या सांधायचं. वाळलेली माशी तशीच टोचली तर तिचा चुरा होतो. म्हणून तिला झाकणाच्या बरणीत ओल्या वाळूवर दोन दिवस ठेवायचं, मऊ झाली की पाय आणि पंख नीट पसरायचे, मग टाचणी. एखादा पाय गळलाच तर लटारू धावड्याचा डिंक पाण्यात भिजवून, सुईच्या टोकावर इवलासा घेऊन, पाय पुन्हा जागच्या जागी बसवी. धावड्याचा डिंक काचेसारखा स्वच्छ. सांधा कुठं आहे ते गुरुजींनाही सापडत नसे. कागदोपत्री गुरुजींचा नियम वेगळा होता. गळलेला तुकडा बाजूला पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि तसं लिहावं. पण लटारूची कारागिरी पाहिली की गुरुजी आपलाच नियम विसरायचे आणि चारचौघांत त्याचं कौतुक करायचे. ही चूक त्यांचीच, असं माझं मत आहे. लटारूचं मत तसं नव्हतं.

गुरुजींनी लटारूला सगळं शिकवलं. माशीची जात तिच्या रंगावरून नाही ठरत. पंखातली शीर कुठं वाकते, पाठीवरचे राठ केस किती आणि कुठल्या रांगेत, पोटाच्या शेवटी नराचे आकडे कसे, आणि सगळ्यात महत्त्वाचं डोकं. डोळे केसाळ की गुळगुळीत, दोन डोळ्यांमधली पट्टी केवढी, आणि तोंडावरच्या त्या दोन आखूड मिशांचं तिसरं पेर किती लांब. लटारूला लिहिता येत नव्हतं, पण भिंगाखाली एकदा पाहिलेली माशी तो विसरत नसे.

चोपन्न सालच्या श्रावणात आफ्रिकेहून एक पत्र्याचा डबा आला. गुरुजींचा एक वर्गमित्र टांगानिकात कुठल्याशा मळ्यावर डॉक्टर होता. त्यानं कापसात गुंडाळून वीस-बावीस माश्या पाठवल्या होत्या. बोटीच्या दमट हवेत बहुतेकांना बुरशी लागली होती आणि अर्ध्यांचा भुगा झाला होता. त्यांत एक नर मात्र वेगळा. पोट तांब्याच्या रंगाचं, त्यावर केसांच्या उभ्या रांगा. डोकं बुरशीनं झाकलेलं. गुरुजींनी आपली सगळी पुस्तकं उलथीपालथी केली. ही माशी कशातच नव्हती. ते लटारूला म्हणाले की ही एकुलती एक आहे, हिला तूच हात लाव.

लटारूनं तिला दोन दिवस वाळूवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी शाळेत असताना त्यानं कुंचल्याच्या एका केसानं तिच्या डोक्यावरची बुरशी उतरवली. डोकं उघडं झालं, त्यानं भिंगातून एकवार पाहिलं, आणि कुंचला बाजूला ठेवताना ते मोहरीएवढं डोकं मानेवरून सुटलं. टेबलावर टीचभर उडालं आणि खाली गेलं.

लटारू संध्याकाळपर्यंत जमिनीवर होता. सारवणाच्या भेगा त्यानं काडीनं उकरल्या, केरसुणीची एकेक काडी झाडली. मुंग्यांची एक ओळ भिंतीच्या बुडाशी जात होती, तिच्या मागं मागं तो वारुळापर्यंत गेला. डोकं मिळालं नाही. टेबलावर बिनडोक्याची माशी तशीच होती.

मग त्यानं जे केलं ते त्याला वाईट वाटून केलं, भिऊन केलं की नुसत्या सवयीनं केलं, हे त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. जागा रिकामी होती आणि ती रिकामी ठेवायची नसते, एवढंच त्याच्या हातांना माहीत होतं. पेटीत येनावरच्या त्या करड्या माशीचे दहा-बारा नर होते. त्यातल्या एकाचं डोकं त्यानं उतरवलं, सुईच्या टोकावर डिंक घेतला आणि आफ्रिकेच्या धडावर ते बसवलं. नेमकं बसलं. गुरुजी आले की सांगायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. ही गोष्ट तो शपथेवर सांगायचा आणि माझा त्यावर विश्वास आहे.

गुरुजी आले ते पाय न धुता थेट भिंगाकडं गेले. वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"लटारू, धड आफ्रिकेचं आहे अन् तोंड आपल्या येनावरच्या माशीचं," ते म्हणाले. "दोन देशांच्या मधातली माशी आहे हे. असं कोनी पाह्यलं नाई आजपावतो."

लटारूच्या तोंडापर्यंत आलेलं तिथंच राहिलं. उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेतून रजा घेऊन घरीच बसले होते, आणि त्याला कंदिलाची काच पुसायला सांगून त्यांनी त्या डोक्याचं पहिलं चित्र काढायला घेतलं होतं.

दीड वर्ष ते काम चाललं. मिशीचं तिसरं पेर दुसऱ्याच्या चौपट, डोळ्यांवर दाट केस, गालांवर तिरपी रांग, असं एकेक गुरुजी मोठ्यानं बोलत आणि लिहीत. डोकं एका वंशातलं, धड दुसऱ्या वंशातलं, तेव्हा हिला या दोन्हींत कुठंच घालता येत नाही, हिच्यासाठी नवा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा नवा गट, करायला हवा, असं त्यांनी शेवटी ठरवलं. म्हाताऱ्याच्या अंगात इतकी उमेद आली होती की गल्लीतले लोकही त्यांना आदरानं नमस्कार करू लागले. लटारू कंदील धरून शेजारी उभा राही. रोज तेच डोकं, रोज तीच चित्रं. त्याचं जेवण कमी झालं. भागीरथा एकदा भेटायला आली तेव्हा तिनं विचारलं, "काऊन सुकून राह्यले तुमी?" तो म्हणाला की चांद्याचं पाणी मानवत नाही.

छप्पन्न साली परदेशातल्या एका मासिकात ती माशी छापून आली. गुरुजींनी मासिक टेबलावर उघडं ठेवलं आणि बोट लावून दाखवलं. नव्या जातीला त्यांनी लटारूचं नाव दिलं होतं, शेवटी लॅटिनचं एक शेपूट लावून. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्याच्या हातांमुळं हा नमुना शाबूत राहिला त्याच्या सन्मानार्थ.

बातमी गावात पोचली. सरपंचांनी मारुतीच्या पारावर लटारूला हार घातला, कोणीतरी बत्तासे वाटले. भागीरथा लुगडं नीट करून पुढं बसली होती आणि सगळ्यांकडं पाहून हसत होती. लटारूनं हार काढून हातात धरला आणि घरी जाईपर्यंत खाली पाहिलं. लाजतो आहे, असं लोक म्हणाले.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात त्या परदेशातल्या संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांना ती माशी प्रत्यक्ष पाहायची होती. पाठवावी, आम्ही ती पुन्हा मऊ करून काही गोष्टी तपासू आणि परत करू. गुरुजींनी पत्र वाचून मराठीत सांगितलं आणि पेटी बांधायला लटारूला दिली. वर म्हणाले की मी त्यांना कळवलं आहे, खुशाल ओल्या वाळूवर ठेवा, माझ्या लटारूच्या हातची माशी आहे, तिचं काही बिघडत नाही.

आता लटारूसमोर तीन वाटा होत्या. माशी तशीच पाठवली तर ओल्या वाळूवर धावड्याचा डिंक विरघळणार, परक्या माणसांच्या टेबलावर डोकं गळून पडणार, आणि गुरुजींना सगळे एक तर खोटारडे म्हणणार नाही तर आंधळे. दुसरी वाट सोपी होती. पेटी बांधता बांधता अंगठा जरासा दाबायचा. माशीचा चुरा, पोस्टात फुटली म्हणायचं, आणि छापलेलं कायम राहणार. त्यानं अंगठा तिच्यावर धरलाही. तांब्याच्या रंगाचं ते पोट इतक्या जवळ होतं की त्याचा श्वास त्यावर लागत होता. ती कुठल्या लांबच्या देशातून आली होती, कोणत्या झाडावर बसत होती कोण जाणे, आणि तिच्यासारखी दुसरी कुणी पाहिलेली नाही. अंगठा खाली जाईना. राहिली तिसरी वाट, ती तीन वर्षांपूर्वीच घ्यायची होती.

पेटी उघडी तशीच घेऊन तो ओसरीवर गेला. गुरुजी खुर्चीवर बसून टाक पुसत होते.

"गुर्जी, हे डोस्कं त्या माशीचं नोहे," लटारू म्हणाला. "म्या चिपकवलं. येनावरच्या माशीचं आहे."

गुरुजींना आधी कळलंच नाही. मग लटारूनं सगळं सांगितलं, मुंग्यांच्या ओळीपर्यंत. गुरुजी उठले, कुंचला पाण्यात बुडवला आणि एक थेंब माशीच्या मानेवर सोडला. दोघं पाहत उभे राहिले. थोड्या वेळानं डोकं आपोआप कलंडलं आणि पुठ्ठ्यावर पडलं.

"तवाच काऊन नाई सांगतलं?" गुरुजींनी विचारलं.

"तुमी रडून राह्यले होते, गुर्जी."

गुरुजी त्याच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर लटारूला बरं वाटलं असतं. त्यांनी कागद घेतला आणि त्या लोकांना पत्र लिहिलं: डोक्याचं सगळं वर्णन चुकीचं आहे, ते दुसऱ्या माशीचं आहे, नमुना नीट न तपासण्याची चूक सर्वस्वी माझी. लटारूचा त्यात उल्लेख नव्हता. पत्र वाचून दाखवल्यावर लटारू म्हणाला की माझं नाव लिहा. गुरुजी म्हणाले की तुझं नाव आधीच लिहिलं आहे, ते आता पुसता येत नाही.

बिनडोक्याची माशी कापसात बसवून लटारूनंच पाठवली. त्यानंतर एक दिवस गुरुजी भिंग घेऊन मागच्या खोलीत गेले आणि गुडघ्यांवर बसले. कुठं पडलं होतं ते दाखव, म्हणाले. तीन वर्षांत त्या जमिनीवर शेणाचे किती हात फिरले होते याची गणती नाही. लटारूनं जागा दाखवली. गुरुजी नखानं सारवणाचे पापुद्रे उचलत आणि प्रत्येक पापुद्रा भिंगाखाली धरत. लटारू त्यांच्या शेजारी गुडघे टेकून तेच करू लागला. आठ दिवस दोघं रोज शाळा सुटल्यावर असेच जमिनीवर असत.

आठव्या दिवशी गुरुजींनी भिंग खाली ठेवलं.

"तूच पाह्यली तिले, लटारू. जगात तुहाशिवाय कोनी नाई," ते म्हणाले. "सांग मले कशी होती. मी लिहून घेतो."

लटारूनं डोळे मिटले. कुंचल्याखाली उघडा झालेला तो चेहरा त्यानं एकदाच, क्षणभर पाहिला होता, आणि त्याला खात्री होती की तो आपण विसरलेलो नाही. पण डोळे मिटले की पुढं यायची ती येनावरचीच. तेच केसाळ डोळे, तीच लांब मिशी, जी तो दीड वर्ष रोज कंदील धरून पाहत आला होता. पिवळसर होती, असं तो म्हणाला. मग म्हणाला, नाही, ती दुसरी. पुन्हा डोळे मिटले. गुरुजी टाक दौतीत बुडवून वाट पाहत होते. टाकाच्या टोकावरची शाई वाळली तरी लटारूला एक केसही खात्रीनं सांगता आला नाही. तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

पुढं संग्रहालयाचं उत्तर आलं. धड खरोखर नवीन आहे आणि म्हणून दिलेलं नाव त्या धडापुरतं कायम राहील. नवा वंश मात्र टिकत नाही. डोक्याचं वर्णन रद्द समजावं. दुसरा नमुना मिळेपर्यंत या जातीचं डोकं अज्ञात. मासिकात तेवढ्या चार ओळी छापून आल्या. चांद्यातल्या काही शहाण्यांनी त्या कुठून तरी मिळवल्या आणि माशीमास्तर हे नाव पुन्हा गल्लीत ऐकू येऊ लागलं. टांगानिकाच्या डॉक्टरला गुरुजींनी तीन पत्रं घातली. मळ्यावरून कळवलं की ते गृहस्थ तापानं वारले. गुरुजींनी त्यानंतर भिंगाला हात लावला नाही. अठ्ठावन्नच्या पौषात ते गेले. लटारू शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होता. मोडलेली माशी मात्र त्यांनी त्याला पुन्हा कधी सांधायला दिली नाही.

लटारू गावी परतला. त्या वर्षी बियाणाची माळ बांधताना मधला एक कोश हलका लागला. त्यानं तो सोडवून फेकला आणि पुढचा बांधला, मधे बोटभर जागा सोडून. भागीरथेनं पाहिलं आणि आपल्या ओटीतला एक कोश काढून त्या जागी बांधायला घेतला. लटारूनं तिचा हात धरला.

"राहू दे रिकामी," तो म्हणाला.

तिला ते आवडलं नाही, तरी तिनं कोश परत ओटीत टाकला. पुढंही त्याच्या प्रत्येक माळेत अशा जागा असायच्या, आणि गावातले लोक त्याची माळ बियाणाला घ्यायला कचरू लागले. एवढ्या लांब छापून आलेल्या त्या माशीबद्दल मात्र कोणी ना कोणी विचारायचंच. हो, आहे माझ्या नावाची माशी, असं लटारू सांगायचा, आणि समोरचा खूश होऊन काही बोलायच्या आत पुढचंही सांगून टाकायचा.

"पन तिले डोस्कं नाई. म्या हरवलं."